बिनवाटीचा मीटर

उसाच्या गाड्या रस्त्याला लागल्या की मला मास्तर आठवतो आणि तोंडातला चहा कडू होतो. पन्नास वर्षं उलटून गेली. घरातले म्हणतात, आता सोडा की. का सोडू? ज्यांचं काही गेलेलं नसतं, त्यांना दुसऱ्याला सोडायला सांगणं फार सोपं जातं.

आमचं कोल्हार नगर-मनमाड रस्त्यावर. कारखान्याचं गाळप सुरू झालं की हा रस्ता उसाचा होतो. आता ट्रॅक्टर जातात, मागे दोन-दोन ट्रॉल्या आणि खिडक्यांच्या काचा थरथरवणारी गाणी. तेव्हा बैलगाड्या जायच्या. पहाटेच्या गारठ्यात बैलांच्या नाकपुड्यांतून वाफ निघायची. चाकाखाली चिरडलेल्या कांड्यांचा रस रस्त्याला चिकटायचा, त्यावर माश्या बसायच्या, आणि दुपार होईतो सगळ्या गावाला आंबूस गोड वास यायचा. त्याच दिवसांत ऊन बदलतं. दसऱ्यापर्यंत डोक्यात आपटणारं ऊन दिवाळीनंतर बाजूला सरकतं, तिरकं होतं, खिडकीतून आत येऊन बसतं. असल्या उनात साध्या माणसाच्या चेहऱ्यालाही चढ-उतार येतात. गालाचं हाड दिसतं, कपाळावरची रेघ दिसते. माणूस काय काय सोसून इथवर आलाय ते न सांगता कळतं. हे ऊन वर्षातून तीन महिने मिळतं आणि फुकट मिळतं. मला आयुष्यात फुकट मिळालेल्या गोष्टी दोनच, एक हे ऊन आणि दुसरी चाचांनी दिलेली विद्या. बाकी सगळं मी घासाघीस करून घेतलंय.

चाचा नेवाशाचे. तरुणपणी नगरच्या लष्करी छावणीत एका गोऱ्या फोटोग्राफरच्या हाताखाली होते. नंतर जत्रेजत्रेतून फोटो काढत हिंडायचे. शिंगणापूरला अमावस्येच्या गर्दीत त्यांचा फोटोमागचा पडदा बांधायला मी पहिल्यांदा लागलो आणि पुढची सहा वर्षं त्यांच्याबरोबर फिरलो. त्यांच्याकडे उजेड मोजायचा मीटर नव्हता. माणसाला बसवलं की ते त्याच्या तोंडाजवळ स्वतःचा तळहात धरायचे, बोटं थोडी वळवून सावली बघायचे आणि कॅमेऱ्याचा आकडा लावायचे. मी विचारलं तर म्हणाले, "बेटा, कपडे बघू नको. तोंडावर किती उजेड पडतोय तेवढंच बघ. गिऱ्हाईक तोंडाचं पैसं देतंय." मी तळहात धरायला शिकलो आणि बाकीचं विसरलो. विद्या फुकट मिळाली की तिचं असं होतं.

पुढे मी रस्त्याच्या कडेला पत्र्याची खोली घेऊन स्टुडिओ टाकला. दक्षिणेला मोठी खिडकी, तिच्यावर उजेड मऊ करायला धोतराचं जुनं पान. खोलीचा भाडेकरार, जुना कॅमेरा, फोटो मोठा करायचं यंत्र, गिऱ्हाइकाला बसायची नक्षीची खुर्ची, यांतलं एकही सांगितलेल्या किमतीला घेतलेलं नव्हतं. खुर्चीवाला तर शेवटी रडायला आला होता. मला त्याचा अभिमान होता, आजही आहे. ज्याच्या बापाकडे देण्यासारखं काही नसतं, त्याला तोंडाच्या जोरावरच उभं राहावं लागतं.

पण धंद्यात एक टोचणी होती. पंचक्रोशीतल्या दुसऱ्या फोटोग्राफरच्या गळ्यात मीटर आला होता. डॉक्टरच्या नळीसारखा तो छातीवर रुळायचा. गिऱ्हाईक ते बघायचं आणि माझ्या तळहाताकडे बघून हसायचं. "तुमी काय हात बघून भविष्य सांगता का?" असं एकाने मला तोंडावर विचारलं. शिवाय फिल्म मिळायची मारामार. अंदाज चुकला की फिल्म वाया. म्हणून बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी, गाळप नुकतंच सुरू झालं तेव्हा, मी एस.टी.ने नगरला गेलो.

तिथे कापडबाजाराच्या मागच्या बोळात कॅमेऱ्याच्या सामानाचं दुकान होतं. मालक आधी शाळेत चित्रकला शिकवायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणायचे. बारीक चणीचा, हळू बोलणारा, खडूचा हात धुतल्यासारखी सारखी बोटं चोळणारा माणूस. त्याच्या काचेच्या कपाटात तीन मीटर होते. एक जर्मन, मोठा, कोरा. त्याच्याकडे मी बघून घेतलं आणि बाजूला झालो. दुसरा जपानी, लहानसा, सुपारीच्या डबीएवढा. दिसायला झकास, पण त्याला गोळीएवढी बॅटरी लागायची आणि ती मुंबईशिवाय मिळत नव्हती. बॅटरी संपली की यंत्र मुकं. कोल्हारात बसून मुंबईच्या बॅटरीची वाट बघणारा मी कोण? तिसरा जुना, एकाने वापरलेला, तपकिरी चामडी पाकिटात. त्याला बॅटरी नको. समोरच्या काचेवर, म्हणजे त्याच्या उजेडाच्या डोळ्यावर, उजेड पडला की आपोआप काटा हलतो. मला तोच पाहिजे होता, म्हणून मी तो सोडून बाकीच्या दोघांच्या किमती आधी विचारल्या.

तो मी कसा पारखला, तेही सांगतो. आज कुणी जुना मीटर घेत असेल तर त्याला उपयोग होईल. डोळ्यावर अंगठा दाबला, काटा शून्यावर जातो का बघितलं. दुकानाच्या दारात उनात नेला, काटा अडखळत जातो की सरळ, ते बघितलं. मग कोऱ्या जर्मन मीटरशेजारी धरून दोघांचे डोळे एकाच भिंतीकडे केले. केसाएवढा फरक नव्हता. उलटा करून हलवला, आत काही खुळखुळतं का ऐकलं. पाकिटाची शिवण उसवलेली होती, ती मास्तरला चार वेळा दाखवली. काचेवरचा ओरखडा दाखवला. मास्तरने दीडशे सांगितले होते. मी साठपासून सुरू केलं. दोनदा पायरी उतरून गेलो, दोनदा परत बोलावणं आलं. तासाभराने नव्वदवर येऊन मी हटून बसलो.

मास्तर बोटं चोळत माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "नव्वदला नव्वदचा मिळेल. चालेल?"

मी म्हटलं, "चालेल."

तो मीटर पुसायला म्हणून आतल्या खोलीत गेला. माझ्यासाठी चहा मागवला. पाकिटाला सुतळी बांधून मीटर माझ्या हातात दिला आणि वर हात जोडले. परतीच्या एस.टी.त मी सुतळीची गाठ सोडली नाही. मांडीवर पाकीट ठेवून साठ रुपये वाचवल्याच्या गुर्मीत बसून होतो. राहुरीच्या पुढे उसाच्या गाड्या लागल्या तेव्हा तर मला प्रत्येक गाडीत माझं गिऱ्हाईकच दिसत होतं.

आणि गिऱ्हाईक आलंही. ऊस गेला की हातात पैसा येतो, आणि हातात पैसा आला की माणसाला आपलं तोंड कागदावर बघावंसं वाटतं. पुरुष यायचे ते पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी नाहीतर फेटा. बाया यायच्या त्या गडद लुगड्यांत, हिरवं, जांभळं, काळ्या चंद्रकळेचं. मी मीटर गळ्यात अडकवायचो, खुर्चीतल्या माणसाकडे रोखायचो, काटा बघायचो, आकडा लावायचो. भविष्य सांगता का, असं कुणी विचारेना.

फोटो धुऊन आले तेव्हा पुरुष कोळशासारखे आणि बाया पिठासारख्या. सदऱ्याची घडी न् घडी दिसतेय, टोपीची शिवण दिसतेय, आणि मध्ये तोंडाच्या जागी काळोख. बायांच्या लुगड्याचा पदर मोजून घ्यावा असा, पण तोंडावर नाक कुठे संपतं आणि गाल कुठे सुरू होतो ते कळू नये. एकाने फोटो हातात धरून विचारलं, "आमच्या म्हाताऱ्याला तव्यावरनं उतारलाय का?" पण बाया खूश होत्या. त्यांनी मैत्रिणींना पाठवलं. एक तर म्हणाली, असा गोरा फोटो नगरलासुद्धा कुणी काढत नाही. त्यांच्या कौतुकानेच माझा घात केला. अर्धं गाव नावाजतंय म्हटल्यावर मीटर चुकतोय असं मला वाटेना. मी हिशेब लावला की आमच्याकडचे पुरुष उनात राबतात, काळे पडतात, त्याला मीटर काय करणार?

आता कुणी म्हणेल, तुला स्वतःला अक्कल नव्हती का? नव्हती. अक्कल असलेला माणूस दुकानात बसला होता, आणि अक्कल ज्याच्याकडे असते त्याच्यावर काही जबाबदारी असते की नाही?

नाना आले ते त्याच हंगामात, पौषात. नाना म्हणजे माझे वडील. स्टुडिओ टाकला तेव्हापासून ते खोलीत आले नव्हते. जत्रेत पडदे बांधणारा पोरगा आता रस्त्यावर दुकान मांडून बसलाय याची त्यांना लाज होती का धास्ती, मला कधी कळलं नाही. ते तापट, मी त्यांच्यावर गेलेलो. चार वर्षांत आम्ही शंभर वाक्यं बोललो असू. त्या दिवशी ते दारात येऊन उभे राहिले. अंगात कोरं धोतर, कोरी बंडी, डोक्याला नवा पांढरा फेटा. फेटा बांधायला त्यांनी सकाळ घालवली असणार. एकसुद्धा पीळ इकडचा तिकडे नव्हता.

नक्षीच्या खुर्चीवर ते काठाला बसले, खुर्ची दुसऱ्याची असल्यासारखे. खिडकीतून तिरकं ऊन धोतराच्या पानातून गाळून त्यांच्या डाव्या गालावर पडलं होतं. तसला उजेड मला पुन्हा मिळालेला नाही. मी मीटर रोखला, आकडा लावला आणि म्हटलं, "नाना, हलू नका." ते हलले नाहीत. मिशीवर माशी बसली तरी हलले नाहीत. मी 'झालं' म्हटल्यावरही थोडा वेळ तसेच बसून होते.

दोन दिवसांनी ते फोटो बघायला आले. मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो खिडकीकडे धरला, लांब धरला, जवळ आणला.

"ह्यो कोन?" त्यांनी विचारलं.

त्यांच्या मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांतला एक हसला. ते हसू माझ्या डोक्यात गेलं. गळ्यातला मीटर हातात धरून मी म्हणालो, "तुमचा रंगच काळा हाय, नाना. मीटर खोटं बोलत न्हाई."

त्यांनी फोटो टेबलावर ठेवला, फेट्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "फेटा झ्याक आलाय." मग पायताण घालून गेले.

त्या रात्री मी अंधाऱ्या खोलीत काय काय केलं. फोटो मोठा करायच्या यंत्राखाली बोटं फिरवून तोंडावरचा उजेड अडवला, कागद बदलले, औषध पातळ केलं. फेट्याचा पांढरा गोळा झाला, तोंड काळ्याचं करडं झालं, नाना काही दिसले नाहीत. फिल्मवर जे नीट उतरलंच नाही ते कागदावर कुठून येणार?

पुढच्या वर्षी पाऊस गेला. कारखान्याच्या रस्त्यावर बैलं होती ती चाऱ्याच्या शोधात निघालेली, आणि फोटो काढायला कुणाचं तोंड तोंडासारखं राहिलं नव्हतं. मी मीटरच्या पाकिटाला तेल लावत बसायचो. दुष्काळ सरल्यावर एक दिवस चाचा माझ्याकडे उतरले. थकले होते, दाढी पिकली होती. त्यांनी मीटर हातात घेतला, पाकिटात बोट घालून चाचपलं आणि विचारलं, "ह्याची वाटी कुठाय?"

मी म्हटलं, कसली वाटी.

मग त्यांनी सांगितलं. त्या जातीच्या मीटरला अर्ध्या लिंबाएवढी पांढरी वाटी असते. ती उजेडाच्या डोळ्यावर बसवायची आणि मीटर माणसाकडे रोखायचा नाही. माणसाच्या तोंडाजवळ धरून कॅमेऱ्याकडे तोंड करायचं. मग तो तोंडावर पडणारा उजेड मोजतो. वाटी नसली तर अंगावरून परत फिरलेला उजेड मोजतो. आणि मीटरला माणूस कळत नाही, कपडा कळत नाही. त्याच्या लेखी सगळं जग एकाच मातकट रंगाचं. पांढरा फेटा दिसला की तो म्हणतो उजेड फार झाला, कमी घ्या. चंद्रकळा दिसली की म्हणतो काळोख आहे, जास्त घ्या. "छावणीत साहेबलोक पांढऱ्या कपड्यांत असायचे," चाचा म्हणाले. "वाटीशिवाय आम्ही बाहेर पडत नव्हतो." मग त्यांनी स्वतःचा तळहात माझ्या तोंडाजवळ धरला, बोटं वळवली आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. सहा वर्षं ते हेच दाखवत होते.

मी दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने नगरला गेलो. मास्तर दुकान झाडत होता. मी पाकीट त्याच्या काउंटरवर आपटलं आणि वाटी मागितली. मला वाटलं होतं तो नाही म्हणेल, शपथा घेईल. त्याने केरसुणी कोपऱ्यात ठेवली, हात चोळले, खण उघडून पत्र्याची डबी काढली आणि झाकण उघडून माझ्यापुढे ठेवली. कापसात पांढरी वाटी होती.

"तुमचीच आहे," तो म्हणाला. "जपून ठेवली. दहा रुपये."

मी त्याला काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. बोळातली माणसं दारात आली. माझा दम संपल्यावर तो शाळेत बोलावं तसं हळू बोलला. "मी सांगितलं होतं, नव्वदला नव्वदचा मिळेल. तुम्ही किंमत पाडलीत, मी माल पाडला. तासभर बसला होतात. किंमत दहादा विचारलीत. हा चालतो कसा, हे एकदा तरी विचारलंत?"

खिशात दहाची नोट होती. मी ती दिली नाही. तुमच्या डोळ्यावर बसवा म्हणालो आणि पायरी उतरलो. या वेळी परत बोलावणं आलं नाही.

लोक मला सांगतात की मास्तरचं चुकलं नाही, व्यवहार व्यवहारासारखा झाला. मी आयुष्यभर व्यवहार केलाय, मला व्यवहार शिकवू नका. खुर्चीवाल्याला मी रडवला, पण त्याने मला तीन पायांची खुर्ची दिली नाही. किंमत पाडणं हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे. परवडत नसेल तर नाही म्हणणं हा दुकानदाराचा. हात जोडून, चहा पाजून, आतल्या खोलीत जाऊन यंत्राचं काळीज काढून घेणं हा कुणाचाच हक्क नाही. आणि विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, असं शाळेत शिकवलेल्या माणसाने म्हणावं? न विचारणाऱ्या पोरालाच तर आधी सांगायचं असतं. साठ रुपयांच्या रागापायी त्याने एका हंगामातल्या सगळ्या पुरुषांची तोंडं काळी केली. त्यांतली कितीतरी माणसं दुष्काळानंतर पुन्हा फोटोला बसली नाहीत. काही तर उरलीच नाहीत. त्यांच्या घरी भिंतीवर टोप्या आणि सदरे लटकले आहेत.

वाटी मी घरीच केली. शाळेतल्या टेबल टेनिसचा फुटका चेंडू चार आण्याला मागून आणला, ब्लेडने अर्धा कापला, डोळ्यावर चिकटवला. चाचांच्या तळहाताशी ताडून बघितलं, थोडा फरक आला, तो पाकिटावर खिळ्याने कोरून ठेवला. पहिला फोटो टोपी घातलेल्या एका दूधवाल्याचा काढला. तोंड आलं. डोळ्यांखालच्या सुरकुत्या, कानातली भिकबाळी, सगळं आलं. मी ओला फोटो चिमट्यात धरून तसाच घरी पळालो.

नाना ओट्यावर तंबाखू मळत बसले होते. दुष्काळाने त्यांना निम्मं केलं होतं. मी फोटो दाखवला, चेंडूची वाटी दाखवली, मीटर चुकीचा वापरला हे सांगितलं. एवढा मऊ मी त्यांच्याशी त्याआधी बोललो नव्हतो. म्हटलं, एकदा बसा.

त्यांनी तंबाखू तोंडात टाकली, हात झटकले.

"मीटर खोटं बोलत न्हाई म्हनला हुतास ना," ते म्हणाले. "मंग झालं तर."

त्यानंतर नऊ वर्षं ते जगले. मी दर हंगामात विचारलं. सणाला विचारलं, बहिणीच्या लग्नात विचारलं, आईकडून विचारवलं. लग्नाच्या घोळक्यात चोरून काढायला गेलो तर त्यांनी उपरणं तोंडावर घेतलं. दहा रुपयांना नाही म्हणणारा मी, मला नाही म्हणणारे ते. ते गेले तेव्हा भिंतीवर लावायला दुसरा फोटो नव्हता. सगळ्या तालुक्याच्या म्हाताऱ्यांचे चेहरे मी कागदावर उतरवले आणि माझ्या बापाच्या फोटोला हार घालताना पाहुणे विचारतात, हे कोण? मग कुणीतरी म्हणतं, फेटा काय सुरेख आहे.

स्टुडिओ आता बंद आहे. खोली तीच, खिडकी तीच, धोतराचं पान केव्हाच काढून टाकलंय. खुर्ची आहे, चारही पायांवर. खिडकीच्या समोरच्या भिंतीवर नाना आहेत. वर्षातले नऊ महिने तिथे फेटा आणि बंडी दिसते. पण उसाच्या गाड्या सुरू झाल्या की ऊन खाली उतरतं आणि पौषात दुपारी थेट मागच्या भिंतीपर्यंत पोचतं. काळ्या फोटोवर भरपूर ऊन पडलं की त्या काळ्यात जे थोडंफार उतरलेलं असतं ते वर येतं. आधी डावा गाल येतो. मग मिशी. मग डोळे. दहा मिनिटं, फार तर पंधरा.

तेवढ्या वेळात मी खुर्ची समोर ओढून बसतो. नाना माझ्याकडे बघत असतात. मी त्यांना हलू नका म्हणालो होतो. अजून हललेले नाहीत.